फौजी गाडीला खाणीचे टायर

३ ऑक्टोबर

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा इतिहास कोणीतरी कधीतरी लिहीलच. त्या बिचाऱ्याच्या सोयीसाठी यंदापासून रोजनिशी ठेवायचं ठरवलं आहे. पहिल्याच पानावर मूर्खपणाची नोंद करावी लागते, याला माझा इलाज नाही.

काल दसऱ्याचं सोनं द्यायला देवाजी घरी आला. देवाजी म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा मालक. मी त्या कंपनीचा नायक, श्रावण बोरकुटे. मी नसतो तर देवाजी आज सिंदेवाहीच्या बाजारात वांगी विकत बसला असता, आणि तीही किडकीच. चहा बशीत ओतून त्यानं जाहीर केलं, "श्रावणभाऊ, औंदा गाडीले मोठे टायर बसवून राह्यलो. खाणीतल्या टँकरचे. हत्तीच्या पायासारखे."

ही गाडी म्हणजे फौजेनं मोडीत काढलेला जुना ट्रक. दोन वर्षांपूर्वी देवाजीनं लिलावात उचलला. तेव्हापासून आमचा रंगमंच त्याच्यावर उभा असतो. धान कापलेल्या शेताच्या बांधीत ट्रक आडवा लावायचा, प्रेक्षकांच्या बाजूचा फाळका खाली लोंबता ठेवायचा, म्हणजे चाकं झाकली जातात. ट्रकचा हौदा हा रंगमंचाचा पुढचा भाग आणि त्याच्या मागे ड्रमांवर मांडलेल्या फळ्या. नटराजाच्या पायाखाली अपस्मार असुर असतो, माझ्या पायाखाली डिझेलची टाकी आहे.

"मोठे टायर कशाला?" मी विचारलं.

"चिखल राहते ना जी. नाले राहतेत. आतल्या गावात गाडी फसते."

नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. तेव्हा नाल्यात गुडघाभर पाणी नसतं आणि गेल्या दोन्ही हंगामांत गाडी एकदाही फसली नाही. हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्यानं बशी तोंडाला लावली. माझी बायको सुगंधाबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "लावा जी देवाजीभाऊ. मोठे टायर चांगलेच राहतेत." जन्मात सायकलची हवा न भरलेली बाई टायरांवर मत देते. घरात आणि कंपनीत मला कोणी विचारत नाही, हेच खरं.

८ ऑक्टोबर

तालमी सुरू झाल्या. यंदाही 'सरणावरची साक्ष'च. त्यात खुनी पोराविरुद्ध कोर्टात साक्ष देणारा बाप मी करतो. लोक त्या शेवटच्या भाषणासाठी येतात. बाया पदर तोंडात कोंबून रडतात. बाकीचं नाटक म्हणजे माझ्या प्रवेशांच्या मधल्या वेळात लोकांनी चहा प्यावा म्हणून केलेली सोय आहे.

आमच्याकडे तालमी थोड्या आणि प्रयोग फार, म्हणून विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर उभा असतो. आमचा प्रॉम्प्टर लच्छू. जंगलातल्या गावचा, आवाज तंबाखूनं घोगरा झालेला. इतर नट त्याच्या तोंडाकडे बघत बोलतात. मला त्याची गरज नाही, पण तो मध्येच ओरडतो. गेल्या हंगामात नागभीडकडच्या एका प्रयोगात मी भाषणाच्या मधोमध पॉज घेतला होता. मोठा नट पॉज घेतो. या गाढवानं विंगेतून माझं वाक्य इतक्या जोरात सांगितलं की पुढच्या रांगेतला एक टवाळ उठून म्हणाला, "लच्छूनं सांगतलं ना बाबा, बोल ना आता!" सगळी बांधी हसली. मी लच्छूशी महिनाभर बोललो नाही.

त्यानंतर लच्छूचं डोकं फिरलं असावं. पुढच्या प्रयोगात त्यानं आणि देवाजीनं ट्रकखाली खड्डा खणला. धानाच्या बांधीत हातभर खणलं की पाणी लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्रयोगाच्या शेवटी लच्छू कमरेपर्यंत भिजून निघाला आणि आठवडाभर तापानं फणफणला. मग दोन प्रयोगांत मी त्याला ट्रकखाली पालथा पडलेला पाहिला. दारू. दुसरं काय असणार?

आजच्या तालमीत नाचणारी पोरगी उगाच फुगून बसली. मी तिला नीला म्हणालो म्हणून. तिचं नाव रीना आहे म्हणे. नीला आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी नाचायची आणि हिच्यापेक्षा चांगलं नाचायची, तेव्हा खरं तर हिनं आनंद मानायला हवा.

एक गुपित. वडशाच्या अतुलचा निरोप आला आहे. त्याची कंपनी आमच्यापेक्षा मोठी. सुगंधाच्या माहेरच्या मंडईच्या जत्रेला तो माझा प्रयोग बघायला येणार आणि पसंत पडला तर पुढच्या हंगामात मला नायक म्हणून नेणार. पसंत पडला तर! माझं भाषण ऐकून नापसंत करणारा अजून जन्मायचा आहे. सुगंधाला सांगितलं. ती आनंदानं उडी मारेल असं वाटलं होतं, तर म्हणाली, "पाहू ना." बाईला माझ्या मोठेपणाची कदरच नाही.

१२ ऑक्टोबर

देवाजीनं आग्रहानं गॅरेजवर नेलं. सिंदेवाहीच्या रस्त्यावर चंदनचं गॅरेज आहे. चंदन हा तोंडात तंबाखूचा खर्रा धरून आकाशाकडे बघत बोलणारा मिस्त्री. "या टायरावर गाडी डोंगर चढते भाऊ, डोंगर," तो म्हणाला. डोंगर चढून 'सरणावरची साक्ष' कोणासमोर करायचं, माकडांसमोर?

टायर माजरीच्या खाणीकडून भंगारात आले आहेत. माझ्या बरगड्यांपर्यंत येतात. कोळशानं इतके काळे की हात लावला तर रुमाल वाया. माझा मफलर तिथेच विक्कीनं लांबवला. विक्की म्हणजे देवाजीचा भाचा, आमचा ड्रायव्हर. त्याला सगळ्यांसमोर दोन शब्द सुनावले.

चंदननं पुढचं एक चाक बसवलं, हवा भरली, विक्कीला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. चाक अर्धं वळलं आणि मडगार्डात जाऊन अडकलं. चंदन म्हणाला, "होते असं." मग मडगार्ड कापलं. पुन्हा वळवलं, तर टायर आता आतल्या बाजूला स्प्रिंगला घासतो. "होते असं." त्याच्या तोंडात खर्रा आणि हे दोन शब्द याखेरीज काही मावत नाही. विक्की स्टिअरिंगवर लोंबकळून घामाघूम झाला. आधीच गाडी फौजेची, त्यात टायर खाणीचे. आता ती वळवायला दोन पैलवान ठेवावे लागतील.

१३ ऑक्टोबर

मफलर सापडला. मी आतून, सदऱ्याखाली गुंडाळला होता. विक्कीनंच गुपचूप घातला असणार.

१७ ऑक्टोबर

आज अपमानाची परमावधी झाली.

चंदननं एक्सल आणि स्प्रिंगच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी उचलली. चाकं मोकळी फिरू लागली. देवाजी टाळ्या वाजवायला लागला. तेवढ्यात चंदन म्हणाला, "रिकामी फिरते. वजन टाकून पाहा लागते." गॅरेजात धानाची पोती नव्हती, तर देवाजीनं काय करावं? कंपनीच्या माणसांना हौद्यात चढवलं. मलासुद्धा. "श्रावणभाऊ, तुमी मधात उभे राहा, जिथी भाषण करता तिथी." तीन तपं रंगभूमीची सेवा केली, ती अखेर पोत्याच्या जागी उभं राहायला.

वर आम्ही पोत्यांसारखे उभे आणि खाली लच्छू ट्रकच्या पोटात शिरून मांडी घालून बसलेला! देवाजी वाकून त्याला विचारतो, "डोस्कं लागते का?"

"लागते थोडंसं."

"मान सरळ करून पाह ना बापा."

"सरळ केली तं लागते जी."

मग चंदनला हुकूम. "अजून दोन बोटं उचल." टायर घासतो का हे बघायचं सोडून हे तिघे प्रॉम्प्टरच्या टाळक्यानं ट्रकची उंची मोजत होते. चाकाजवळ कोणी बघायलाही गेलं नाही. मी वरून विचारलं, "काय चाललंय?" तर तिघे चोरासारखे दचकले. "हवा पाहून राह्यलो," देवाजी म्हणाला. टाळक्यानं हवा बघतात! शेवटी ठोकळे बदलले, लच्छूनं मान सरळ केली आणि वर बघून हसला. तंबाखूचे दात. मी तोंड फिरवलं.

आणखी एक. मी जिथे भाषणाला उभा राहतो तिथली हौद्याची फळी चंदननं कापून लोखंडी जाळी बसवली. पाऊस आला तर पाणी निचरावं म्हणून. दिवाळीनंतर पाऊस! उंटावरचा शहाणा नुसता ऐकला होता, इथे अख्खी कंपनीच उंटावर बसली आहे.

२७ ऑक्टोबर

काल हंगामाचा पहिला प्रयोग. ब्रह्मपुरीकडचं गाव, मंडई होती. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दुपारी दंडारीचा नाच, रात्री नाटक. मांडव खचाखच भरला होता.

मोठ्या टायरांचा पहिला पराक्रम असा की रंगमंच उंच झाला. मागचे ड्रम ठेंगणे पडले, त्यांच्याखाली विटा घालाव्या लागल्या. आणि पुढे भाताच्या तणसावर बसलेल्या लोकांना रीनाचे पाय दिसेनात. झाडीपट्टीत येऊन नाचणारीचे पाय दाखवायचे नाहीत! लोकांनी शिट्ट्या मारल्या, "पाय दाखव, नाई तं तिकीट वापस कर!" रीना रडत आत आली. मी तिला म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिच्या बापाच्या वयाचा आहे हे ती विसरली. देवाजीनं गाववाल्यांना विनवून पुढची माणसं मागे सरकवली, तेव्हा कुठे पाय दिसले.

लच्छू विंगेत नव्हताच. पुस्तक नाही, माणूस नाही. इतर नटांसाठी विक्की कागद धरून उभा होता आणि त्याला धड वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची भंबेरी उडाली. माझं मात्र लोखंडी पाठांतर. भाषणात एकदाही अडखळलो नाही. खरं सांगायचं तर असा अनुभव मला कधी आला नव्हता. शब्द जणू आतून येतात. पुढचं वाक्य मनात यायच्या आधीच ते कानाशी हजर, अगदी हळू, पायांकडून वर चढल्यासारखं. मोठ्या कलावंतांना असं होतं म्हणतात. सरस्वती प्रसन्न झाली की ती नटाच्या अंगात येऊन बोलते.

भाषणाच्या मधे ट्रक एकदा खोकला. बंद गाडी खोकते कशी, हे चंदनला विचारलं पाहिजे.

२ नोव्हेंबर

आणखी तीन प्रयोग झाले. तिन्हीत तेच. मी उभा राहतो आणि वाक्य येतं. मी आता घरी पाठांतर करणं सोडून दिलं आहे. सुगंधा पुस्तक घेऊन मागे लागते, "एकदा म्हणून पाहा ना." मी तिला स्पष्ट सांगितलं की ज्याच्या जिभेवर देवी बसली आहे त्याला पुस्तक दाखवू नये. ती पुस्तक मिटून चुलीपाशी जाऊन बराच वेळ बसली. बायकांना आनंदही धड करता येत नाही.

लच्छू हल्ली प्रयोगानंतर ट्रकच्या बाजूनं पाठ धरून येतो. काम काही नाही आणि पाठ दुखते! मी देवाजीला सुचवलं की प्रॉम्प्टरला कमी करून टाक, मला लागत नाही. देवाजी म्हणाला, "ठीक आहे जी, पाहतो." हा माणूस कधी काही पाहत नाही.

विक्कीचे खांदे सुजले आहेत. तो म्हणतो, गाडी वळवणं म्हणजे आडदांड हल्या आवरण्यासारखं आहे. वर ब्रेकही आता उशिरा लागतात. वडशाहून येताना एक बकरी थोडक्यात वाचली. मी देवाजीला विचारलं, ज्या नाल्यासाठी हे टायर लावले तो नाला कुठे आहे, एकदा दाखव. तो हसला. मूर्ख माणसाचं हसू मला लगेच ओळखू येतं.

९ नोव्हेंबर, दुपार

सुगंधाच्या माहेरी आलो आहोत. आज इथे मंडई आहे. अतुल आला आहे. पांढरा शर्ट, हातात सोन्याचं कडं, बरोबर दोन चमचे. मला वाकून नमस्कार केला, तेवढ्यापुरता तरी माणूस शहाणा वाटला.

इकडे टायरांनी शेवटचा पराक्रम केला. गाडी बांधीत आडवी लावली आणि प्रेक्षकांच्या बाजूच्या मागच्या टायरात तुरीचा फणकट घुसला. तूर कापली की मागे जो टोकदार बुंधा राहतो तो. डोंगर चढणारा टायर तुरीच्या बुंध्याला हरला! हवा गेली आणि ट्रक त्या अंगाला बसला.

बदली टायर नाही. इतका मोठा पाचवा टायर खाणीच्या भंगारात मिळालाच नव्हता, आणि हे देवाजीनं कोणाला सांगितलंही नव्हतं. जॅक लावला तर ओल्या बांधीत जॅकच खाली जातो. त्याखाली लाकूड घातलं तर लाकूड जातं. सारी कंपनी त्या चाकाभोवती जमली आहे. जणू कोणी मेलं आहे. लच्छू ट्रकखाली जाऊन येतो, मान हलवतो. देवाजी डोकं धरून शेताच्या धुऱ्यावर बसला आहे. सुगंधा, जिचा या गाडीशी काडीचा संबंध नाही, तीसुद्धा माहेरच्या बायांना सोडून तिथे उभी.

मी म्हणालो, "अरे, रंगमंच एका अंगाला थोडा कलला, एवढंच ना? मी तिरप्या जमिनीवरही उभा राहू शकतो."

देवाजी म्हणाला, "भाऊ, आज नाटक बंद ठेवू का? तब्येतीचं सांगून टाकू."

माझ्या तब्येतीला काय झालं आहे? अतुल इथे बसलेला असताना प्रयोग बंद! मला कळलं. त्याला अतुलची कुणकुण लागली आहे, मी जाऊ नये म्हणून खेळी चालली आहे. मी सगळ्यांसमोर बोललो, "देवाजी, तुझ्या पंक्चरसाठी श्रावण बोरकुटे थांबणार नाही." 

सुगंधा लच्छूकडे बघून हळूच म्हणाली, "तुले जमंल का रे?"

तो म्हणाला, "जमवतो ना बाई."

काय जमवतो, कोण जाणे.

१० नोव्हेंबर

आज रोजनिशी लिहावी की नाही, याचा सकाळपासून विचार करतो आहे. इतिहास लिहिणाऱ्यानं हे पान सोडून दिलं तरी चालेल.

काल पहिले तीन अंक ठीक गेले. लहान वाक्यं होती. मग कोर्टाचा प्रवेश. मी जाळीजवळच्या माझ्या जागी येऊन उभा राहिलो. समोर अख्खं गाव, पुढे खुर्चीवर अतुल, मायबहिणींत सुगंधा. "न्यायमूर्ती साहेब," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य आलं नाही.

मी थांबलो. लोकांना वाटलं असेल की पॉज आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी आत शोधलं आणि आत काहीच नव्हतं. कोर्ट कशाचं, समोरचा पोरगा कोण, मी कशासाठी उभा आहे, काही नाही. अख्खं नाटक पुसलं गेलं होतं. तो पॉज नव्हता. नागभीडलाही नव्हता. मी भ्यालो. इतका मी जन्मात कधी भ्यालो नाही. गर्दीत कोणीतरी खोकलं, मग कोणीतरी हसलं. अतुल खुर्चीत पुढे सरकला. सुगंधा माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती.

म्हणून मीही खाली बघितलं.

जाळीच्या खाली एक गाल होता. फळीला आडवा दाबलेला, धुळीनं भरलेला. ट्रक बसल्यामुळे त्याचं डोकं वर करायला जागाच नव्हती. मान मोडल्यासारखी खांद्यावर पडली होती, एक डोळा मिटलेला आणि दुसरा माझ्याकडे लागलेला. पुस्तक उघडायलाही जागा नव्हती. लच्छू पुस्तकाशिवाय सांगत होता. आवाज निघत नव्हता, कारण गळा दबला होता. ओठ हलत होते. मग तो खोकला, तोच ट्रकचा खोकला, आणि घोगरं वाक्य वर आलं, "पोटच्या पोराविरुद्ध..."

"पोटच्या पोराविरुद्ध साक्ष द्यायला हा बाप आला आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यानंतरचं प्रत्येक वाक्य मी त्या एका डोळ्याकडे बघून बोललो. तो एक बोलायचा, मी एक बोलायचो. बाप खाली मान घालून साक्ष देतो आहे, असं लोकांना वाटलं असावं. इतकी वर्षं मी हे भाषण आकाशाकडे बघून करत होतो. बाया रडल्या. पुरुषही रडले. मी पण रडलो, आणि ते नाटकात नव्हतं.

पडदा पडल्यावर मी आधी खाली उतरलो आणि फाळक्याखालून ट्रकच्या पोटात शिरलो. विक्की आणि देवाजी लच्छूला काखेत धरून बाहेर ओढत होते. त्याची मान सरळ होत नव्हती. जिथे तो बसायचा तिथे घडी केलेलं बारदान होतं, पाण्याची बाटली होती, तंबाखूची डबी होती. सगळं नीट मांडलेलं, रोज बसणाऱ्या माणसाच्या जागेसारखं. तेव्हा ते एकेक माझ्या डोक्यात जुळत गेलं. तो पाण्यानं भरलेला खड्डा. ते पालथं पडणं. लच्छूच्या टाळक्यानं मोजलेली उंची. नाला कुठेच नव्हता.

"काऊन सांगतलं नाई मले?" मी देवाजीला विचारलं. माझ्या तोंडून घरची बोली आली, जी मी कंपनीत कधी बोलत नाही.

देवाजीनं पुन्हा तेच मूर्ख हसू हसून सुगंधाकडे बघितलं. ती पुढे आली आणि माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकत म्हणाली, "मीच सांगतलं होतं देवाजीभाऊले. घरी तुमी गोष्टी इसरून राह्यले होते. तुमाले सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं का?"

मी विचार केला. "नाई," म्हणालो. मी त्यांना मूर्ख ठरवलं असतं. तसं ते ठरवलंच होतं, सबंध हंगामभर, या वहीत आणि तोंडावरही.

लच्छू तणसावर बसून मान चोळत होता. मी त्याच्याजवळ बसलो. त्याला कमी करा असं मी सांगितलं होतं, हे त्याला माहीत असणारच, आमच्या कंपनीत गुपित टिकत नाही. मला काही चांगलं वाक्य सुचलं नाही. मी विचारलं, "दुखते का रे?"

"दुखते थोडंसं," तो म्हणाला. "आज तुमी भाषण चांगलं केलं भाऊ. एका ठिकाणी दोन ओळी खाल्ल्या, पण कोनाले नाई समजलं."

"तूच सांगितल्या नाहीस."

"मीच इसरलो," तो म्हणाला आणि तंबाखूचे दात काढून हसला. या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

तेवढ्यात अतुल आला. डोळे पुसत आला, त्याचे चमचेही डोळे पुसत आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "श्रावणभाऊ, या वयात हे पाठांतर! प्रॉम्प्टर नाई, काई नाई! पुढच्या हंगामात तुमी आमच्याकडं. आमच्याकडं नवी कोरी गाडी आहे, लायटी आहेत, कॉलरचे माइक आहेत. तुमी फक्त हो म्हना."

देवाजी दूर जाऊन पंक्चर झालेलं चाक बघायला लागला. इतका वेळ बघण्यासारखं त्या चाकात काही नव्हतं.

"तुमची गाडी किती उंच आहे?" मी अतुलला विचारलं.

"काय जी?"

"खाली माणूस मांडी घालून बसतो का?"

त्यानं हातातलं कडं फिरवलं. मग हसून म्हणाला, "गाडीखाली काऊन बसंल भाऊ कोनी?"

"मग नाही जमायचं," मी म्हणालो. "टायर लहान आहेत तुमचे."

अतुल गेला. जाता जाता विक्कीला विचारत होता म्हणे, बोरकुटेंची तब्येत बरी आहे ना. मूर्ख माणूस. एवढी मोठी कंपनी चालवतो आणि नाटक कशावर उभं असतं, हे त्याला अजून ठाऊक नाही.